विसावा की व्याप? निवृत्तीनंतरच्या प्रकृतीच्या दोन बाजू

महाराष्ट्रात 31 मे हा निवृत्तीचा मोठा दिवस असतो. पूर्वी जन्माची नोंद नसलेल्या मुलाला शाळेत घालताना गुरुजी 1 जून ही जन्मतारीख लिहून टाकत. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, असा नियम आहे. त्यामुळे शाळा, पंचायत समित्या, तहसील कचेऱ्या आणि एसटीची आगारे यांत त्या एकाच दिवशी शाल-श्रीफळांची रांग लागते. राज्य शासनाच्या बहुतेक कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय 58 आहे, चतुर्थ श्रेणीचे 60. केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांचे वय 1998 साली 58 वरून 60 केले. साठीला पोचलेल्या भारतीय माणसापुढे सरासरी आणखी सुमारे 18 वर्षे असतात. नोकरी जितकी चालली त्याच्या निम्म्याहून मोठा हा काळ, आणि त्याची तयारी बहुतेकांनी केलेली नसते.

या काळात शरीर आणि मन धड राहावे म्हणून काय करावे, याविषयी दोन मते फार पूर्वीपासून आहेत. अमेरिकेत कॅन्सस सिटी येथील उतारवयातील माणसांचा अभ्यास करून एलेन कमिंग आणि विल्यम हेन्री यांनी 1961 साली असे मांडले, की वय वाढेल तसे माणसाने समाजाच्या व्यापातून हळूहळू मागे सरणे स्वाभाविक असते आणि ते दोघांच्याही सोयीचे असते. त्याच काळात रॉबर्ट हॅविगहर्स्ट यांनी उलट बाजू घेतली: एक भूमिका सुटली की दुसरी धरणारा माणूसच समाधानी राहतो. आपल्याकडे वानप्रस्थाची कल्पना पहिल्या मताच्या जवळची आहे. घरोघरचा रोजचा व्यवहार मात्र दुसऱ्या मताने चालतो, कारण धडधाकट म्हातारे माणूस घरात रिकामे बसलेले कोणाला पाहवत नाही.

हा वाद सिद्धांतांपेक्षा दोन माणसांच्या तोंडून ऐकलेला बरा. पुढचे नाना आणि बाई कल्पित आहेत. त्यांच्या नोकऱ्या मात्र महाराष्ट्रात हजारोंनी केलेल्या आहेत. नाना एसटीत वाहक होते. पहाटेची पहिली फेरी, डबल ड्युटी, मुक्कामाच्या गाडीच्या बाकावर काढलेल्या रात्री, अवेळी जेवण आणि तासन्‌तास दाबून धरलेली लघवी एवढ्या गोष्टी त्या नोकरीने शरीराकडून घेतल्या. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागल्या आणि मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. परिपाठापासून पोषण आहाराच्या नोंदीपर्यंत शाळेतले पान त्यांना विचारल्याशिवाय हलत नसे.

“बाई, माझं एकच म्हणणं आहे,” नाना म्हणतात. “इतकी वर्षं दुसऱ्यानं लावलेल्या वेळेवर उठलो. आता तब्येतीच्या नावाखाली कुणी मला नवी ड्युटी लावू नये.”

“ड्युटी नको म्हणता, पण दिवस तेवढाच मोठा राहतो ना, नाना?” बाई विचारतात. “मला पहिल्या महिन्यात बरं वाटलं. पापड झाले, लोणची झाली, काशी झाली. गणपती उरकले आणि एका सकाळी साडेदहाला लक्षात आलं, की आज मला कुणालाच काही सांगायचं नाही.”

बाई सांगतात तो क्रम ओळखीचा आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲचली यांनी 1976 साली निवृत्तीचे टप्पे मांडले: आधी सुटीसारखा आनंदाचा काळ, मग भ्रमनिरास, मग नवी घडी बसवण्याची खटपट आणि शेवटी स्थैर्य. प्रत्येक जण सगळ्या टप्प्यांतून जातोच असे नाही. पण निवृत्तीनंतरची उदासी पहिल्या आठवड्यात न येता काही महिन्यांनी, घरच्यांना वाटते आता सगळे सुरळीत झाले तेव्हा येते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. भूक मंदावणे, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, बारीकसारीक गोष्टींवर चिडणे आणि आवडीच्या गोष्टींतून मन उठणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर ‘वयामुळे होते’ असे म्हणून सोडून देऊ नये. उतारवयातील नैराश्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात.

निवृत्ती प्रकृतीला तारते की मारते, या प्रश्नावर संशोधनही दोन्ही बाजूंनी बोलते. फ्रान्समधील वीज आणि गॅस कंपनीच्या सुमारे 14,000 कर्मचाऱ्यांचा निवृत्तीआधी सात वर्षे आणि निवृत्तीनंतर सात वर्षे मागोवा घेण्यात आला. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार निवृत्त होताच त्यांचा शारीरिक व मानसिक थकवा बराच कमी झाला, उदासीची लक्षणेही घटली. मधुमेह, हृदयविकार, पक्षाघात यांच्या प्रमाणावर मात्र निवृत्तीचा परिणाम दिसला नाही. नानांना आपले म्हणणे सिद्ध झाल्यासारखे वाटावे असा हा पुरावा आहे. बाईंच्या बाजूला लंडनच्या सरकारी नोकरांचा अभ्यास आहे. त्यात शब्द आठवण्याची क्षमता निवृत्तीनंतर आधीपेक्षा 38 टक्के अधिक वेगाने घटत गेल्याचे 2018 साली नोंदवले गेले. वरच्या हुद्द्यावरच्यांची स्मरणशक्ती नोकरीत असेपर्यंत इतरांपेक्षा चांगली टिकत होती. निवृत्त झाल्यावर हुद्द्याचे ते संरक्षण उरले नाही.

दोन्ही अभ्यासांत विसंगती नाही. नोकरी माणसाकडून काही घेत असते आणि त्याला काही देत असते. निवृत्ती दोन्ही व्यवहार एकाच दिवशी बंद करते. नानांच्या नोकरीने झोप, पाठ आणि पोट घेतले, म्हणून त्यांना विसावा औषधासारखा लागू पडतो. बाईंना नोकरीने दिवसभर बोलणे, लक्षात ठेवणे आणि निर्णय घेणे पुरवले होते. तेच आता घरबसल्या मिळत नाही. म्हणून ‘निवृत्तीनंतर काय करावे’ याचे एकच उत्तर सगळ्यांना वाटत सुटणारी व्याख्याने फारशी उपयोगी पडत नाहीत. आपल्या नोकरीने आपल्याला नकळत काय दिले होते, ते आधी पाहावे लागते.

प्रकृतीच्या चर्चेत पैसा सहसा शेवटी येतो. तो आधी घ्यायला हवा, कारण पुढचे निम्मे सल्ले त्याच्यावर टेकलेले आहेत. बाई 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी सेवेत लागल्या असल्याने त्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू आहे: शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम आणि तिच्यावर वाढत जाणारा महागाई भत्ता. नानांचे तसे नाही. एसटी महामंडळाचे कर्मचारी राज्य शासनाचे कर्मचारी गणले जात नाहीत; 2021-22 च्या लांबलेल्या संपात विलीनीकरणाची मागणी एवढी तीव्र होण्यामागे हेही कारण होते. नानांना भविष्य निर्वाह निधीशी जोडलेली 1995 ची पेन्शन योजना लागू पडते. तिच्या सूत्रात पगार कितीही असला तरी 2014 पासून सहसा महिना 15,000 रुपयेच धरले जातात, त्याआधी 6,500 धरत. पूर्ण 35 वर्षे 15,000 च्या हिशेबाने मोजली तरी पेन्शन 7,500 रुपये बसते. नानांच्या पिढीतल्या बहुतेकांच्या हातात त्याच्या निम्म्याच्या आसपास पडते. या रकमेला महागाई भत्ता नाही. 2014 पासून किमान पेन्शन 1,000 रुपये ठरली आहे.

“म्हणजे बघा बाई, आराम मला हवाय आणि पेन्शन तुम्हाला आहे,” नाना म्हणतात.

या वाक्यात विषयाचे मर्म आहे. ज्याचे शरीर नोकरीने झिजवले त्याला बहुधा विश्रांती परवडत नाही, आणि ज्याला परवडते त्याला ती खायला उठते. नानांच्या बरोबरीचे अनेक जण साठीनंतर गृहनिर्माण सोसायटीच्या फाटकावर बारा तासांची रात्रपाळी धरतात. रात्रीच्या जागरणाने रक्तदाब आणि साखर दोन्ही बिघडतात. अशा माणसाला ‘रोज आठ तास झोपा’ असे सांगणारा सल्ला निरुपद्रवी असला तरी निरुपयोगी आहे. काम करणे भागच असेल तर दिवसपाळी, अर्धवेळ आणि बसायला खुर्ची या तीन गोष्टींसाठी कमी पगार पत्करणे शेवटी स्वस्त पडते.

नानांच्या हाती फंडाची रक्कम एकरकमी आली आणि त्याच आठवड्यात, वर्षभर न आलेले नातेवाइकांचे फोन आले. मुलाचा धंदा, पुतणीचे लग्न, घराचा वरचा स्लॅब, कारणे खरीच असतात. तरी त्या रकमेचा मोठा भाग नियमित उत्पन्नात बदलल्यावरच उरलेल्याचा विचार करावा. टपाल कार्यालयात आणि बँकांत चालणाऱ्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 60 वर्षांवरील माणसाला पैसे ठेवता येतात. 55 ते 60 मधील निवृत्तांनाही निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांत खाते उघडता येते. मर्यादा 30 लाख रुपये, मुदत पाच वर्षे, व्याज दर तिमाहीला. 8.2 टक्के दराने 15 लाखांवर तिमाहीला 30,750 रुपये येतात. नानांच्या पेन्शनच्या जवळजवळ तिप्पट महिनाकाठी ही एक ठेव देते. बाईंपुढचा प्रश्न निराळा होता, अंशराशीकरणाचा. पेन्शनचा 40 टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात. कापलेली पेन्शन 15 वर्षांनी पूर्ववत होते. कर्ज फेडायचे असेल तर हे सोयीचे. नुसते सगळे घेतात म्हणून घेतले, की पुढची 15 वर्षे दर महिन्याला जाणवते.

बाईंना पैशासाठी काम नको होते. काम म्हणून काम हवे होते. जुलै 2023 मध्ये राज्य शासनाने नियमित भरती होईपर्यंत जिल्हा परिषद शाळांत निवृत्त शिक्षकांना महिना 20,000 रुपये मानधनावर, कमाल 70 वर्षे वयापर्यंत घेण्याचे ठरवले. बाईंना ती संधी वाटली.

“आणि डी.एड. करून दहा वर्षं वाट बघत बसलेल्या पोरांनी काय करायचं?” नाना विचारतात. “तुम्ही तिथं पुन्हा बसलात की तुमची तब्येत सुधारेल, त्यांची बिघडेल.”

आक्षेप बिनतोड आहे, आणि तेव्हा बेरोजगार उमेदवारांनी तोच घेतला होता. अनुभव वापरण्यासाठी जुनीच खुर्ची लागते असे नाही. वाचन मागे पडलेल्या चार मुलांना संध्याकाळी ओट्यावर बसवून शिकवणे, बचत गटाचे हिशेब पाहणे, गावच्या ग्रंथालयाची सूची लावणे यांतही स्मरण, बोलणे आणि जबाबदारी या तिन्ही गोष्टी लागतात. फरक एवढाच, की इथे कोणी ‘मॅडम’ म्हणून उठून उभे राहत नाही. अधिकार गाजवलेल्या माणसाला सर्वांत अवघड जाते ते हेच.

घराचा विचार इथे येतो, कारण निवृत्ती एकाची होते आणि दिनक्रम दोघांचा मोडतो. नाना घरी बसू लागल्यावर त्यांच्या पत्नीच्या दिवसातली दुपारची निवांत वेळ गेली आणि चहाच्या फेऱ्या वाढल्या. घर सांभाळणाऱ्या स्त्रीला निवृत्तीचे वय नसते, त्यामुळे नवऱ्याचा विसावा बहुतेक घरांत तिच्या कष्टांवर उभा असतो. नानांनी सकाळची भाजी, दळण आणि पाणी भरणे आपल्याकडे घेतले तेव्हा घरातली कुरबुर थांबली. बाईंची अडचण उलट. शाळा सुटली तसे सून-मुलाने नातवंडे, त्यांचा डबा आणि शिकवणीची ने-आण गृहीत धरली. नातवंडांचा सहवास मनाला बळ देतो, यात वाद नाही. पण तीन वर्षांच्या मुलाला दिवसभर कडेवर वागवणे हे साठीच्या गुडघ्यांचे काम नव्हे. किती तास आणि कोणते दिवस, हे सुरुवातीलाच बोलून घेतले तर नंतर रुसवे होत नाहीत.

शरीराकडे वळले की पहिला विषय स्नायूंचा. हृदय आणि साखर यांची भीती सगळ्यांना असते. पायांतले बळ कमी होते आहे याकडे मात्र पहिल्यांदा लक्ष जाते ते पडल्यावर. तिशीनंतर दर दशकाला स्नायूंचे वजन 3 ते 8 टक्क्यांनी घटते, साठीनंतर त्याहून वेगाने, आणि ताकद वजनापेक्षाही लवकर जाते. अंथरूण धरले की हा वेग भयंकर होतो. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी वयस्कांना दहा दिवस अंथरुणात झोपवून ठेवले. त्यांच्या पायांचे जवळजवळ एक किलो स्नायू गेले. तापातून उठलेल्या आजोबांना जिना का चढवत नाही, याचे उत्तर यात आहे. याची दुसरी बाजूही तितकीच ठोस आहे. 1990 साली बॉस्टनमध्ये वृद्धाश्रमातील नव्वदीच्या आसपासच्या माणसांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला, तेव्हा त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. प्रयोग लहान होता, पण ‘आता या वयात काय होणार’ या समजाला त्याने कायमचा तडा दिला.

“मी आयुष्यभर उभा राहिलो, हलत्या गाडीत चाललो,” नाना म्हणतात. “माझा व्यायाम मी नोकरीतच संपवलाय.”

तसे होत नाही. दिवसभर उभे राहिल्याने पायांच्या शिरा फुगतात आणि कंबर धरते. त्या श्रमांत विश्रांती आपल्या हातात नसते आणि भार हळूहळू वाढवत नेण्याची सोयही नसते. म्हणून कामातले कष्ट हा व्यायामाचा पर्याय ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनानुसार आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम वेगाची हालचाल हवी, किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारे व्यायाम हवेत आणि 65 वर्षांनंतर किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचा सरावही हवा. मध्यम वेग म्हणजे चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत.

बाई रोज सकाळी मैत्रिणींबरोबर पाऊण तास चालतात आणि आपले कर्तव्य झाले असे मानतात. चालणे हृदयाला, साखरेला आणि मनाला चांगलेच. पण सपाट रस्त्यावरच्या चालण्याने मांड्यांची आणि खांद्यांची ताकद टिकत नाही. त्यासाठी खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे दहा वेळा, थोडे थांबून पुन्हा दहा वेळा. भिंतीला हात टेकून दंड. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या खांद्यापर्यंत उचलणे. ओट्याला धरून टाचा वर करणे. तोलासाठी ओट्याजवळच एका पायावर उभे राहावे. जमिनीवर मांडी घालून बसण्याची आणि आधाराविना उठण्याची सवय ज्यांची अजून आहे, त्यांनी ती आपणहून सोडू नये. गुडघे फार झिजलेले असतील तर मात्र हट्ट धरू नये. छातीत दुखणे, चालताना दम लागणे किंवा भोवळ येणे असे काही असेल तर आधी डॉक्टरांना दाखवून मगच सुरुवात करावी.

नानांना व्यायाम हा शब्द रुचत नाही. मात्र परसात चार वाफे करून त्यांना पाणी घालणे, माती ओढणे, पोते उचलणे हे त्यांना ड्युटी वाटत नाही. ते काम आठवड्यातून तीन-चार दिवस झाले तर हिशेब जवळपास तोच येतो. विसावा मागणाऱ्या माणसाला असे व्याप चालतात, फक्त ते त्याचे त्याने निवडलेले असावे लागतात.

पडणे हा वेगळा धोका आहे. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांपैकी बरेच जण पूर्वीसारखे हिंडूफिरू शकत नाहीत. न्हाणीघरात धरायला दांडी, घसरणारी फरशी असेल तर खरखरीत पट्ट्या, रात्री लघवीला जाण्याच्या वाटेवर मंद दिवा, घरात मागून बंद असलेली चप्पल आणि वेळच्या वेळी केलेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया हे उपाय पडण्याचे प्रसंग कॅल्शियमच्या गोळ्यांपेक्षा अधिक टाळतात.

आहारात गोंधळ उपासाचा आणि पथ्याचा होतो. ‘वय झाले, आता हलके खावे’ म्हणून रात्री नुसता वरणभात किंवा दूध-पोहे, आठवड्यातून दोन उपास आणि त्यांत साबुदाणा. यात पिष्ट भरपूर येते आणि प्रथिने उरत नाहीत. प्रौढांसाठी भारतीय शिफारस दर किलो वजनामागे 0.83 ग्रॅम प्रथिनांची आहे. उतारवयात स्नायू टिकवण्यासाठी 1 ते 1.2 ग्रॅम हवीत, असे या विषयातले बरेच तज्ज्ञ मानतात. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 60 ते 72 ग्रॅम. घट्ट वरणाच्या वाटीत सुमारे 7 ग्रॅम, अंड्यात 6, पेलाभर दुधात 6 ते 7, पिठल्याच्या मोठ्या वाटीत 10 च्या आसपास आणि ज्वारीच्या भाकरीत 6 ते 7 ग्रॅम असतात. दोन्ही जेवणांत डाळ, उसळ किंवा मासळी-अंडे आणि मधल्या वेळी ताक, दही, भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे असे बसवले की आकडा गाठता येतो. दात नसतील तर उसळ ठेचून, फुटाण्याचे पीठ करून खाता येते; कवळी बसवणे अर्थात अधिक बरे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिने डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे लहान चमचाभर. बाईंच्या निवृत्तीच्या पहिल्या महिन्यातले पापड-लोणचे या चमच्यात बसत नाही.

शाकाहारी ज्येष्ठांत बी-12 या जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत अधिक. पायांना मुंग्या, तोल जाणे, विसराळूपणा ही लक्षणे तिच्यामुळेही दिसतात, आणि इंजेक्शन किंवा गोळ्यांनी ती वेळीच भरून काढता येते.

“मला काही होत नाही म्हणून मी तपासत नाही,” हे नानांचे मत. “मी दर तीन महिन्यांनी सगळं पॅकेज करते,” हे बाईंचे. दोघांनाही थोडे मागे यावे लागेल. रक्तदाब आणि साखर दुखत नाहीत, म्हणूनच त्या मोजाव्या लागतात. वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, मूत्रपिंडाची तपासणी आणि डोळे पाहिले तर साधारण निरोगी माणसाला पुरते. उलट जाहिरातीतल्या मोठ्या पॅकेजमधून किरकोळ वाकडे आकडे निघतात आणि त्यांच्यामागे आणखी तपासण्या लागतात. रक्तदाब बसून आणि उभे राहून असा दोन्ही वेळा मोजावा. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर भोवळ येऊन पडण्याचा धोका असतो, आणि गोळ्यांचे प्रमाण पुन्हा पाहावे लागते. साखरेचेही तसेच. सत्तरीत अनेक विकार असलेल्या माणसाची साखर तरुणासारखी काटेकोर ठेवण्याच्या नादात ती फार उतरली, तर तो धोका मोठा. अशा माणसासाठी तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा 8 च्या खाली असला तरी डॉक्टर समाधान मानतात.

औषधांच्या बाबतीत नानांच्या पिढीची एक सवय घातक आहे: गुडघा दुखला की औषधांच्या दुकानातून वेदनाशामक आणायचे. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारी गोळी आणि वेदनाशामक हे तिन्ही एकत्र आले की मूत्रपिंडे अचानक बिघडू शकतात. झोपेच्या गोळ्यांनी तोल जातो. वर्षातून एकदा घरातल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक काढे-चूर्णांसह, पिशवीत घालून एकाच डॉक्टरांपुढे ठेवाव्यात. कोणत्या बंद करता येतील, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. मनाने बंद करू नयेत.

कान हा दुर्लक्षित अवयव. ऐकू येईनासे झाले की माणूस आधी लग्नकार्यातून, मग घरातल्या गप्पांतून आणि शेवटी बोलण्यातूनच बाजूला होतो. घरचे त्याला तऱ्हेवाईक ठरवतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने 2024 साली स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी आणि टाळता येण्याजोगी 14 कारणे सांगितली, त्यांत ऐकू कमी येणे, दिसण्यात दोष आणि एकाकीपणा ही तिन्ही आहेत. जगभरातील सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश या कारणांशी जोडता येतो, असा त्यांचा अंदाज आहे. श्रवणयंत्र लावायला माणसे लाजतात. चष्म्याला कोणी लाजत नाही.

माणसांत राहण्याच्या वाटा महाराष्ट्रात कमी नाहीत. गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ, महापालिकांची विरंगुळा केंद्रे, भजनी मंडळे, आणि 1995 साली मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी सुरू केल्यापासून बागाबागांत पसरलेले हास्यक्लब. बाई संघात गेल्या आणि दुसऱ्याच महिन्यात कार्यवाह झाल्या. नाना एकदा जाऊन आले. “तिथं प्रत्येक जण आपला आजार सांगतो आणि नंतर सत्कार करतो,” हे त्यांचे मत थोडे दुष्ट आहे, पण पूर्ण खोटेही नाही. ते संध्याकाळी आगाराजवळच्या चहाच्या टपरीवर जुन्या चालक-वाहकांत बसतात. उपयोग तोच होतो.

उपचारांच्या खर्चासाठी 2024 पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे 5 लाख रुपयांचे संरक्षण राज्यातील सर्व कुटुंबांना खुले आहे, आणि 29 ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमधून उपचार मिळू शकतात. त्यासाठीचे कार्ड आजारी पडण्यापूर्वीच काढावे. रुग्णालयाच्या खिडकीवर धावपळ करून ते निघतेच असे नाही. एसटीत 65 नंतर अर्धे तिकीट आणि ऑगस्ट 2022 पासून 75 नंतर मोफत प्रवास आहे. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला आता ‘जीवन प्रमाण’मुळे मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो; बोटांचे ठसे झिजलेल्यांची त्यामुळे सोय झाली.

राहता राहिले घर. नाना ते हयातीतच मुलाच्या नावावर करायच्या विचारात होते; “म्हणजे नंतर कटकट नको.” बाईंनी त्यांना अडवले, आणि या एका बाबतीत बाईंचीच बाजू घ्यावी लागते. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यातील कलम 23 प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मागता येते. तशी अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहिलेली नसेल तर मात्र ती होती हे सिद्ध करत बसावे लागते. निर्वाहखर्चासाठी उपविभागीय पातळीवरच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. कायद्यात त्याची कमाल मर्यादा महिना 10,000 रुपये आहे. मृत्युपत्र केले तर घर शेवटपर्यंत आपल्याच नावावर राहते आणि मन बदलल्यास ते कितीही वेळा नव्याने करता येते. त्याची नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. हे साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान असलेले बरे, आणि सही करणारा शुद्धीवर होता असे डॉक्टरांचे त्याच तारखेचे प्रमाणपत्र सोबत जोडावे.